फाट्यांची वही

भाऊकाकांना नवा माणूस भेटला की ते त्याचं नाव नंतर विचारत. पहिला प्रश्न ठरलेला असे : "तुमचा फाटा कुठला?"

शहरात वाढलेल्याला हा प्रश्न कळत नसे. गावाकडच्या माणसाला मात्र तो लगेच कळे आणि तो खुर्चीत सावरून बसे. गावं सगळीच काही हमरस्त्यावर नसतात. एसटी जिथे सोडते आणि जिथून पुढे दोन-चार किलोमीटर पायी, बैलगाडीने नाहीतर कुणाच्या सायकलवर मागे बसून आत जायचं असतं, ती जागा म्हणजे फाटा. माहेरवाशीण उतरते ती तिथे, मनीऑर्डर घेऊन पोस्टमन वळतो तो तिथून, आणि सुट्टी संपवून निघालेल्या मुलाला सोडायला आलेली आजी पदराने डोळे पुसत उभी राहते तीही तिथेच. काकांचं म्हणणं असं की माणसाला गावाचं नाव कुणीही विचारतं, फाट्याचं कुणी विचारत नाही, म्हणून ते सांगताना तो खुलतो.

मला बघायला आले होते तेव्हाची गोष्ट. पोहे झाले, चहा झाला. मुलाच्या वडिलांनी सांगितलं, आम्ही मूळचे मंगळवेढ्याकडचे. काका तक्क्यावरून पुढे सरकले. फाटा कुठला? फाट्यावरून आत किती? मध्ये ओढा लागतो का? पावसाळ्यात गाडी आत जाते की फाट्यावरच सोडून देते? आई आतल्या दारातून त्यांना खुणा करत होती, बाबा पंख्याकडे बघत बसले होते. आणि ते गृहस्थ, जे तोवर घड्याळाकडे पाहत मोजकंच बोलत होते, ते हातवारे करून ओढ्याला आलेल्या एका पुराचं सांगायला लागले. सोबतच्या मंडळींना त्यांना उठवावं लागलं. लग्न ठरलं ते रीतसर नंतर, पण माझ्या मते ते त्या ओढ्याकाठीच ठरलं होतं. सासरे गेले तोवर दर फोनला आधी विचारायचे, "भाऊसाहेब कसे आहेत?"

भाऊकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. लग्न केलं नाही. साताऱ्याला पाटबंधारे खात्यात ट्रेसर होते. अभियंत्यांनी काढलेला नकाशा ट्रेसिंग क्लॉथवर शाईने उतरवून काढणं हे त्यांचं काम. त्या निळसर कापडाला आधी पावडर चोळायची, म्हणजे शाई फुटत नाही. मग श्वास धरून रेघ. संध्याकाळी ते घरी आले की कपड्यांना अमोनियाचा वास यायचा, नकाशाच्या प्रती त्यावर काढत म्हणून. आमच्या घराच्या माडीवर त्यांची एक खोली होती. तिथे खाट, कंदील, एक टी-स्क्वेअर भिंतीला टांगलेला, आणि खिडकीत ती वही.

लांबुडकी, खाकी पुठ्ठ्याची, शिवणीची वही. पहिल्या पानावर त्यांच्या छापल्यासारख्या अक्षरात 'फाटे' एवढंच. आई म्हणायची, भाऊजींना बोलतानाही फाटे फोडायची हौस आणि लिहितानाही. काकांना ते फार आवडायचं. आल्यागेल्याला ते स्वतःच सांगत, आमच्या वहिनी असं म्हणतात बरं का.

वहीत काय होतं? प्रत्येक फाट्याला चार-पाच ओळी. झाड कुठलं. बसायला निवारा आहे का, असल्यास त्याचं तोंड कुठल्या दिशेला, म्हणजे पावसाची झड आत येते की नाही. पाणी मिळतं का. चहाची टपरी किती वाजता उघडते. तिथे उभ्या असलेल्या माणसाला काकांनी विचारलेलं असे, "गाडी गेली का?" आणि तो जे उत्तर देईल ते जसंच्या तसं त्याच्या बोलीत उतरवलेलं असे. पुढे आत जाणाऱ्या गावांची नावं, ओळीने. काही ठिकाणी कोपऱ्यात बोटाएवढं चित्र : रस्ता, वळण, झाड. ट्रेसरचा हात, त्यामुळे त्या बोटभर चित्रात पिंपळ आणि वड वेगळे ओळखू येत.

फाट्याला सगळीकडे फाटा म्हणत नाहीत, हे मी त्या वहीत शिकले. आपल्याकडे देशावर सुरूर फाटा, नेवासा फाटा. आळेफाट्याला तर गावाच्या नावातच तो मुरून गेला आहे. घाट उतरून कोकणात गेलं की तिठा होतो, हातखंब्याचा तिठा. अलिबागकडे वळायचं तर वडखळ नाका. दौंडकडे चार वाटा जिथे मिळतात तो चौफुला. लातूरकडे आष्टामोड, तिथे फाट्याचा मोड झाला. मराठवाड्यातच काही भागांत नुसतं 'पाटी' म्हणतात, पाटीवर उतरा म्हणतात. काकांनी या शब्दांना वहीच्या शेवटी एक अख्खं पान दिलं होतं आणि कुठला शब्द कुठे संपतो आणि दुसरा कुठे सुरू होतो याची तुटक रेघ महाराष्ट्राच्या नकाशावर काढत आणली होती. ती रेघ अर्धवट आहे. सोलापूरच्या पुढे ती थांबते.

हे सगळं त्यांनी एसटीने केलं, दुसऱ्या कशानेही नाही. एसटीवर त्यांची माया होती. १ जून १९४८ रोजी पुण्याहून नगरला पहिली गाडी गेली तेव्हा काका दहा वर्षांचे होते. लाकडी बांधणीची ती गाडी, चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, ही नावं ते घरातल्यांच्या नावांसारखी घेत. दर वर्षी १ जूनला पहाटे उठून आंघोळ करून, पाव किलो कंदी पेढे घेऊन ते सातारा स्टँडवर जात आणि पहिल्या निघणाऱ्या गाडीच्या चालक-वाहकाच्या हातावर ठेवत. "वाढदिवस आहे तुमचा," म्हणत. काही वर्षांनी स्टँडवरची माणसं त्यांची वाट बघायला लागली. एका वर्षी काका तापाने अंथरुणाला खिळले होते, तर दुपारी एक कंडक्टर ड्यूटी संपवून पत्ता विचारत घरी आला. बाबा आले नाहीत का आज, म्हणून.

१९८८ मध्ये महामंडळाने 'आवडेल तेथे प्रवास' ही योजना काढली. एकदा पैसे भरले की पासावर राज्यभर कुठल्याही गाडीने फिरा. सुरुवातीला दहा दिवसांचा पास होता, पुढे सात दिवसांचा आणि चार दिवसांचा झाला. योजनेचं नाव वाचून काका म्हणाले होते, हे कुणीतरी माझ्यासाठी लिहिलंय. तेव्हापासून दर वर्षी एकदा तरी ते निघायचेच. गर्दीचा हंगाम सरला की पास थोडा स्वस्त मिळायचा, म्हणून बहुधा आषाढ-श्रावणात. खांद्याला खाकी पिशवी, तीत दोन सदरे, पंचा, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, वही, आणि पितळेचा फिरकीचा तांब्या. कुठे जाणार हे ठरलेलं नसे. गाडीत बसायचं, कंडक्टर ज्या फाट्याचं नाव पुकारेल ते कानाला गोड वाटलं की उतरायचं.

त्यातही त्यांना मुक्कामी गाड्यांचं विशेष वेड. संध्याकाळी तालुक्याहून निघून आडगावात वस्तीला जाते आणि पहाटे परत फिरते ती गाडी. शेवटच्या थांब्यापर्यंत ते जात. चालक-वाहकाबरोबर देवळात नाहीतर ग्रामपंचायतीच्या ओट्यावर पथारी टाकत. अशा गावात गाडीच्या माणसांना कुणीतरी भाकरी आणून देतंच, त्यात एक यांची. सकाळी गाडी सुरू झाली, की तिच्या घरघरीने गाव कसं जागं होतं, आधी कुठली कडी वाजते, कुणाची म्हैस हंबरते, हे काका इतकं मन लावून सांगत की मला अजूनही कधी न पाहिलेल्या गावांच्या पहाटा आठवतात.

मी सहावीत होते त्या मे महिन्यात त्यांनी हंगामाचे जादा पैसे भरून पास काढला, कारण मला शाळेला सुट्टी होती. माझा अर्धा पास. फोटोत मी दोन वेण्या घालून घाबरलेली दिसते. सातारा, फलटण, बारामती असं गाड्या बदलत आम्ही भिगवणला आलो आणि तिथून सोलापूर रस्त्याने पळसदेवला उतरलो.

उतरल्याबरोबर काका थबकले. रस्त्याच्या कडेला गावाच्या नावाची पिवळी पाटी होती आणि तिच्यावरचा ळ झिजला होता. नुसता एक वाकडा डाग राहिला होता, नाव वाचता येत नव्हतं. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की त्या खाकी पिशवीच्या तळाशी एक काळ्या ऑइलपेंटची डबी, एक बारीक ब्रश आणि रॉकेलची चिंधी असते.

काकांनी पाटी चिंधीने पुसली. नखाने खवले काढले. मग खिशातून पेन्सिल काढून अगदी पुसट असं माप घेतलं, शेजारच्या प आणि स च्या उंचीचं. चष्मा कपाळावर चढवला. डाव्या हाताच्या करंगळीवर उजवा हात टेकवला आणि ब्रश लावला. ळ ची आधी डावी पोकळी, मग हात न उचलता वळण घेऊन उजवी, डावीपेक्षा केसभर मोठी. शेवटी वरची शिरोरेघ. "आधी घर बांधायचं ठमे, मग छप्पर," असं म्हणत त्यांनी ती ओढली. टपरीवरची दोन-तीन माणसं येऊन उभी राहिली होती. एकाने विचारलं, तुम्ही बांधकाम खात्याचे का? काका ब्रश पुसत म्हणाले, "नाही. पाटबंधारे." त्यांनी आम्हाला चहाचे पैसे देऊ दिले नाहीत.

ळ वर काकांचा जीव होता. वहीत एक पान नुसतं ळ च्या गावांचं होतं : शिरवळ, पळूस, कळंब, चौसाळा, येरमाळा, जळकोट, वेळापूर, चिपळूण. म्हणायचे, हे अक्षर घाईत काढता येत नाही, हाताला वळावंच लागतं. आज महामार्गांवरच्या हिरव्या पाट्यांवर ळ चा ल झालेला दिसला की मला खरोखर दुखतं. नाव ही गावाची वस्तू आहे, ती नीट लिहायला हवी.

पळसदेवला आम्ही गेलो ते जुनं गाव बघायला. उजनीचं धरण झालं आणि भीमेकाठचं पळसदेव पाण्यात गेलं, गाव वर रस्त्याकडे आलं. जुनं पळसनाथाचं देऊळ तिथेच राहिलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्याचं शिखर वर येतं, फारच उतरलं तर बाकीचंही दिसायला लागतं. आम्ही गेलो तेव्हा शिखर दिसत होतं आणि काठाकडची बरीच जमीन उघडी पडली होती. चिखल वाळून भेगाळलेला, त्यात पांढरे शिंपले, आणि मधूनमधून घरांची जोती. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसती वीतभर, हातभर उंचीची दगडी चौकट. मला तो खेळच वाटला. मी एका जोत्यावरून उडी मारून आत, दुसऱ्यावरून बाहेर, अशी धावत सुटले.

"ठमे!"

काका माझ्यावर ओरडले ते आयुष्यात तेवढं एकदाच. मी जागच्या जागी उभी राहिले. ते जवळ आले, हळू आवाजात म्हणाले, "घरात दारातनं येतात." मग त्यांनी चौकटीभोवती एक फेरी मारली, दगड जिथे तुटक होते आणि एक उंबऱ्यासारखा आडवा चिरा होता तिथे थांबले, चपला बाहेर काढून ठेवल्या आणि वाकून आत गेले. वाकायला तिथे काही नव्हतं. वर उन्हाने पांढरं पडलेलं आकाश होतं. आत जाऊन ते एका कोपऱ्यात मांडी घालून बसले. "ये," म्हणाले. मीही चपला काढल्या. पाय पोळत होते. आम्ही तिथे बसून दशमी खाल्ली. उठताना काकांनी सांडलेले कण वेचले, पंचाने जागा पुसली, आणि आम्ही दारातून बाहेर आलो.

मी त्यांना काही विचारलं नाही. मोठी झाल्यावर ही गोष्ट मी काकांच्या तऱ्हेवाईकपणाची म्हणून मैत्रिणींना सांगायचे. ऐकणाऱ्याही कौतुकाने ऐकायच्या.

काका २०१५ मध्ये गेले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी माहेरी गेले होते. वही चाळता चाळता पळसदेवचं बाबांना सांगितलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी सांगितलं ते असं.

माझ्या आजीचं माहेर कृष्णाकाठी, वाईच्या वरच्या अंगाला. काकांचं आणि बाबांचं आजोळ. धोम धरणाचं काम निघालं तेव्हा बुडीत क्षेत्राचे नकाशे काकांच्या कचेरीत आले. धरण पूर्ण भरलं की पाणी कुठवर येणार याची रेघ असते. ती रेघ ट्रेसिंग क्लॉथवर उतरवायचं काम काकांच्या टेबलावर आलं. दुसऱ्या कुणाला देता आलं असतं, साहेब चांगले होते. काका म्हणाले, मीच काढतो. दुसऱ्याचा हात हलला तर उगाच कुणाचं तरी घर जायचं.

दोन दिवस लागले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते घरी आले, नेहमीसारखे हातपाय धुऊन पाटावर बसले. आजी भाकरी थापत होती. तिने मान वर न करता विचारलं, "भाऊ, आपलं घर रेघेच्या वर का खाली?"

"खाली."

आजीने तव्यावरची भाकरी उलटली. बाबा म्हणाले, पुढे कुणीच काही बोललं नाही, पण ती भाकरी करपली, आणि आईच्या हातची करपलेली भाकरी आम्ही तेवढीच एक पाहिली.

आजोळचं गाव उठलं आणि कोरेगाव तालुक्यात लाभक्षेत्रात वसवलं गेलं. नाव तेच ठेवलं, पुढे 'पुनर्वसित' लागलं. पाणी भरायच्या आधी काका एकटेच जुन्या गावी जाऊन आले होते. तिथे काय केलं हे त्यांनी कुणाला सांगितलं नाही. वही त्यानंतर सुरू झाली. पहिल्या पानावरचा पहिला फाटा जुन्या गावाचा आहे. आंब्याचं झाड, निवारा नाही, पाणी ओढ्याचं. 'गाडी गेली का?' या रकान्यात कुणाचंही उत्तर नाही, रकाना कोरा आहे. मी हे पान लहानपणापासून कितीदा उलटलं असेल, ते कुठल्या गावाचं आहे हे मला माहीत नव्हतं.

वहीतल्या पुष्कळ गोष्टी आता जागेवर नाहीत. पुणे-सातारा रस्ता सहापदरी झाला, फाट्यांवरचे वड गेले, निवारे गेले. बऱ्याच गाड्या आता उड्डाणपुलावरूनच जातात आणि कंडक्टर सांगतो, खालून जाणार नाही, पुलाच्या अलीकडे उतरा. उतरलेली माणसं सामान डोक्यावर घेऊन सर्व्हिस रोडने उलटी चालत येतात. रस्ते रुंद व्हायला हवेत हे मला कळतं, मीही त्यांवरूनच भरधाव साताऱ्याला जाते. पण पूल काढणाऱ्याने एकदा तरी विचारायला हवं होतं की इथे रोज कोण उतरतं. आणखी एक राहून राहून मनात येतं. ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. काका असते तर ते घरी सापडलेच नसते.

गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस मी कोरेगावच्या बाजूला गेले, गाडी घरी ठेवून, एसटीने. नव्या आजोळच्या फाट्यावर उतरले. हिरवी सरकारी पाटी आहे, तिच्या मागे गवतात जुना पिवळा दगड अजून आहे. गवत बाजूला केलं. गावाच्या नावात ळ आहे. त्याच्यावर रंगाचे किती थर होते ते कडेच्या फुगीरपणावरून कळत होतं, बोट फिरवलं की लागत होते. बाबांनी सांगितलं होतं की दर दिवाळीच्या आधी काका इथे येऊन जात. डावी पोकळी लहान, उजवी केसभर मोठी.

मी निवाऱ्यात येऊन बसले. पिशवीत त्यांची वही होती आणि फिरकीचा तांब्या. भुरभुर पाऊस सुरू झाला. निवाऱ्याचं तोंड पूर्वेला, त्यामुळे झड आत येत नव्हती. थोड्या वेळाने गावाकडून एक आजी चालत आल्या, डोक्यावर पोत्याची खोळ, हातात पिशवीत बांधलेल्या शेवग्याच्या शेंगा. आत येऊन त्यांनी खोळ झटकली, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं,

"गाडी गेली का गं?"

मी म्हटलं, "नाही आजी, अजून यायचीय."

त्या शेजारी टेकल्या. मी तांब्याची फिरकी काढून पाणी दिलं. त्यांनी वरून ओतून घेतलं, तांब्या उलटसुलट करून पाहिला, म्हणाल्या, "असला एक म्हातारा आणायचा बघ पूर्वी. रंगाची डबी घिऊन यायचा."

गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर मी त्यांना काही विचारलं नाही, त्याच सांगत होत्या.